आज आवतन घ्या

आबा गेले ते मला सहा दिवसांनी कळलं. मी लातूरला मेडिकलच्या क्लाससाठी होस्टेलवर होते, परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून घरच्यांनी लपवून ठेवलं. पेपर देऊन गावी आले तर आबांच्या बाजेवर वाकळ नव्हती, नुसती सुतळी दिसत होती. त्या दिवशी देवावरचा माझा विश्वास उडाला. खरं सांगायचं तर स्वतःवरचाही.

आबा म्हणजे माझे आजोबा. देवणीजवळच्या आमच्या गावात त्यांच्याइतका मस्करीखोर म्हातारा दुसरा नव्हता. शनिवारी मारुतीपुढे नारळ फोडला की त्यालाही सोडायचे नाहीत. "तू वास घे, खोबरं मी खातो," म्हणायचे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या" असं म्हणतात. आबा ते वर्षभर माणसांना म्हणायचे. पाहुणा असो की तलाठी, खांदा दाबायचे, बैलासारखे हंबरायचे आणि वर पदरचं जोडायचे, "येताना शिंगं घरी ठिवा!"

ते शेवटचे होस्टेलवर आले तेव्हा टेस्टमध्ये माझे मार्क घसरले होते. त्यांनी धपाट्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि वॉचमनचा खांदा दाबून हंबरले. मुली खिदळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आबा, पुन्हा इथं येऊ नका," मी म्हणाले. ते हसले. निघताना त्यांचा हात माझ्या खांद्याकडे आला, तो मी झटकला. त्यानंतर पंधरवड्यात ते गेले.

परीक्षेत व्हायचं तेच झालं. वडिलांनी पुन्हा वर्षभरासाठी लातूरला धाडलं. अन्न घशाखाली उतरेना. वाटेत मारुतीचं देऊळ लागलं की मी मान फिरवायचे. एका दुपारी नव्या मेसमध्ये भाकरी कुस्करत बसले होते. मेस चालवणाऱ्या मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे जेवायला लागून मला तिसराच दिवस होता. माझ्या खांद्यावर पिठाचा हात ठेवून त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आज आवतन घे, उद्या जेवाया ये. येताना शिंगं घरी ठिव."

मी गर्रकन वळले. "मावशी, हे कुठं ऐकलं?"

"भूकंपात." त्या शेजारी टेकल्या. "सात वर्साची होते. घर अंगावर आलं. दगडं लवकर निघंनात. वर फटीपाशी एक आबा दिसभर बसून होते. बैलावानी हंबरायचे अन् हेच म्हणायचे. मला वाटलं, उद्याचं आवतन हाय, मग आज कसं मरावं? दुसऱ्या दिशी त्येंच्याच हातनं कण्या खाल्ल्या. माय अन् दोन भाऊ मातर जित्ते निघाले न्हाईत. त्येंचं नाव इचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

भूकंप झाला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. घरी एवढंच सांगत की आबा ट्रॅक्टरवर बसून तिकडे मदतीला गेले, चार दिवसांनी परतले आणि महिनाभर हसले नाहीत. काय पाहिलं ते कधी बोलले नाहीत. मावशींचे आबा ते हेच, असं मी शपथेवर कसं सांगू? मी नुसती रडत होते. झटकलेल्या हाताचं सगळं त्यांना सांगून टाकलं. त्यांनी माझं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "हात झटकल्यानं आवतन मोडत न्हाई, बाय."

डॉक्टर काही मी झाले नाही. तो हात आजही खांद्यापाशी सलतो, आणि सलावाच. पण आपण पाठ फिरवली तरी बोलावणारा बोलावतच राहतो, आपण फक्त जायचं असतं, हे त्या माउलीनं मला शिकवलं. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

त्या आवतनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मारुतीपुढे नारळ फोडला. वास त्याला दिला, खोबरं मी खाल्लं. आणि दुपारी शिंगं खोलीवर ठेवून जेवायला गेले.