हात मांडीवर ठेव

“हात मांडीवर ठेव. वर आणू नकोस.”

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, प्रबंधांच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत मला हे सांगितलं गेलं. मी एम.ए.ला होते. बाकावर उभी केलेली शाळकरी पोर नव्हते.

सांगणारे साहेब त्या खोलीचे प्रमुख. बडोद्यातलं जुनं मराठी घराणं, आजोबा संस्थानच्या नोकरीत. मी मराठीत बोलले तेव्हा आधी खूश झाले. “अरे वा, आपल्यातलीच की! बस, बस.” मग आडनाव विचारलं. मग गाव. मग वडील काय करतात. एकेका उत्तराला चेहरा आक्रसत गेला. शेवटी नजर माझ्या हातांवर आली.

“मेंदी का?”

“नाही. रंग. नंदेसरीचा.”

बाबा खानदेशातून आलेले, नंदेसरीला रंगाच्या कारखान्यात, लाल खात्यात. परदेशी ऑर्डरी वाढल्या होत्या, म्हणून सुट्टीत मीही पाकिटं भरायला जायची. तो रंग साबणानं जात नाही, रॉकेलनंही जात नाही. पण एकदा मुरला की कशाला लागतही नाही. हे मी सांगितलं. ते म्हणाले, “प्रबंधाची एकच प्रत असते. तुम्हा लोकांचे हात लागले की संपलं.”

तुम्हा लोकांचे! समोर मी एकटी बसले होते.

प्रबंध घरी मिळत नाही, झेरॉक्स काढू देत नाहीत, समोर बसूनच वाचायचा. माझ्याकडे गाइडची चिठ्ठी होती, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. मग त्यांनी तोड काढली. शिपाई रमेशभाई पानं उलटणार, मी नुसतं बघायचं. मी मान खाली घालून बसले. त्याची मला चीडही आली. पण मला तो प्रबंध हवाच होता.

काही वर्षांपूर्वी एक संशोधक आमच्या चाळीत आले होते. फोटो काढले, प्रश्न विचारले, बाटल्यांत सगळ्यांची लघवी नेली. आपल्यावर पुस्तक होणार म्हणून चाळ हरखून गेली. ते पुन्हा फिरकले नाहीत. हा प्रबंध त्यांचाच. लाल खात्यातल्या माणसांना लघवी लाल होते. अंगात मुरलेला रंग पडतो, असं सगळे धरून चालायचे. नव्या माणसाला पहिल्यांदा लाल झाली की खात्यात पेढे वाटायचे. पक्का झाला म्हणून! बाबांच्या वेळचा पेढा मीही खाल्ला होता. आता बाबा वाळत चालले होते, रात्री कळवळून उठायचे, आणि तरी म्हणायचे, रंग आहे.

रमेशभाईंनी पान उलटलं आणि समोर फोटोत दोन तळवे आले. डाव्या अनामिकेचं पेर नाही. बाबांचे हात. खाली नाव नव्हतं, नुसता क्रमांक.

पुढच्या पानावर इंग्रजीत साफ लिहिलं होतं. हा रंग नव्हे, हे रक्त आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाची भीती आहे. या कामगारांना ताबडतोब या खात्यातून हलवावं.

ताबडतोब. आणि प्रबंध मंजूर होऊन, बांधून, कुलपात. बाबा अजून त्याच खात्यात.

रमेशभाईंनी पान पुढे नेलं होतं.

“मागे घ्या,” मी म्हटलं.

“बास आता,” साहेब म्हणाले. “सगळं वाचून तुला काय करायचंय?”

मी दोन्ही हात वर काढले. पान मागे घेतलं, बाबांच्या तळव्यांवर माझे तळवे ठेवले.

“हात काढ! पान नासेल!”

“हे हात माझ्या बाबांचे आहेत. यांना प्रबंधात घेताना चाललं तुम्हाला?”

मग मी ते पान मोठ्यानं वाचलं. एकेक वाक्य मराठीत करून. खोलीतल्या माना वर झाल्या. साहेब ओरडत राहिले, मी थांबले नाही. साहेबांनी रमेशभाईंना पुस्तक ओढून घ्यायला सांगितलं, ते हलले नाहीत. हळूच म्हणाले, “बेन, फरीथी वांचो ने. मारो भाई पण त्यां ज छे.”

त्यांचाही भाऊ तिथंच होता. मी परत वाचलं.

त्याच दिवशी माझं ग्रंथालयाचं ओळखपत्र काढून घेतलं. दुपारी घरी आले तर बाबा दुसऱ्या पाळीला निघालेले. मी सगळं सांगितलं. ते हसले. “अगं, रंग आहे तो.” डबा उचलला आणि गेले.

मी त्यांच्या मागोमाग निघाले. माझा प्रबंध होईल तेव्हा होईल, न झाला तरी चालेल. ते पान मला पाठ आहे. पाळी सुटताना, फाटकावर, मराठीत आणि गुजरातीत, रोज मोठ्यानं म्हणणार. नोकरी जाईल म्हणून बाबा तोंड दाबतील, तरी म्हणणार. आणि लाल खात्यात यापुढे कुणी पेढा वाटायला निघाला, तर तो मी त्याच्या हातातून खाली पाडणार.