दादाचं राहून गेलेलं मत

लेक आणि मी मत देऊन आलो. तिचं पहिलंच. जेवायला बसताना तिनं शाईचं बोट माझ्या नाकासमोर नाचवलं आणि त्या उग्र वासानं मी घोडपदेवच्या चाळीत जाऊन पोचलो.

निवडणूक आली की माझा दादा तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना लाकडी खुर्चीत बसवून, मित्रांच्या मदतीनं जिना उतरवून मतदानाला न्यायचा.

"आणि तुझं मत रे?" त्या म्हाताऱ्या विचारायच्या.

"एकवीस पुरी होऊ देत, मग बघा आपला रुबाब!"

विसाव्या वर्षी तो काविळीनं गेला.

पुढे घटनेत दुरुस्ती झाली, मतदानाचं वय एकवीसचं अठरा झालं. मी तेव्हा नुकताच अठरा ओलांडलेला. तांदूळ निवडत बसलेल्या आईसमोर मी ऐटीत बोट धरलं. तिनं ते हातात घेतलं, शाईवरून पदर फिरवला.

"हाच कायदा जरा आधी केला असता, तर काय बिघडलं असतं रे?"

माझा काही गुन्हा नव्हता. तरी आई होती तोवर, मत देऊन आलो की मी डावा हात मांडीखाली दाबूनच जेवायचो.

"पप्पा, तुझं बोट दाखव ना, फोटो काढू," लेक म्हणाली.

हात मांडीखालून निघेना.