मेहमान ओसरीपर्यंतच

उमरखेडच्या बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक चाचा आहेत. वेबसाइटनं काही मागितलं की ते स्क्रीनलाच दटावतात, "काहून पाहिजे बे तुले?"

माझ्या नोकरीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. साइटनं लोकेशन, कॅमेरा दोन्ही मागितलं.

"चाचा, सगळ्याले हो म्हणा ना!"

त्यांनी दोन्ही नाकारलं. फोटोच निघेना. माझा जीव टांगणीला. मग त्यांनी फक्त कॅमेऱ्याला परवानगी दिली, फोटो काढला आणि परवानगी लगेच काढून घेतली.

"मेहमानले ओसरीवर बसवा लागते, बेटा. चुलीपाशी कायले नेतं?"

अर्ज गेला. नोकरीही लागली. आता ऑफिसात मीही स्क्रीनला दटावते. शेजारचे हसतात. हसू द्या.