बिलियर्डच्या खोलीचे दुसरे दार

नानासाहेबांचे प्रथम दर्शन झाले तेव्हा त्यांच्या हाती पहार होती आणि स्वतःच बांधलेल्या, रंगही न वाळलेल्या सरकारी बंगल्याची भिंत ते फोडीत होते. ते बडोद्याच्या इमारतींच्या खात्यातले इंजिनियर, मी त्याच खात्यात नुकताच नकाशे काढायला लागलेला. गुंडाळी काखेत धरून आ वासून उभा राहिलो. गुजराती कडिया, म्हणजे गवंडी, हात जोडून म्हणत होता, "साहेब, मारुं नाम न लेता." ज्यांच्यासाठी बंगला उठला ते अंमलदार रावसाहेब जिन्यावरून गरजत होते, "उद्या हुजुरांकडे जातो. नोकरी ठेवीत नाही तुमची."

"अवश्य जा," नानासाहेब म्हणाले, "पण आधी लेकीला आत आणा."

बंगला म्हणजे विलायती चित्राची हुबेहूब नक्कल. शहरातल्या लहरीपुऱ्याकडची माणसे तो मुद्दाम पाहायला येत. मनोरा, पोर्च, रंगीत काचा, बिलियर्डची खोली. बडोद्याच्या उन्हाळ्यात घाम पुसत बसायचे, तरी दालनादालनात शेकोटी आणि वर धुराडे. माजघर तेवढे नाही. रावसाहेबांची लेक दुर्गाताई पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, तेव्हा ध्यानात आले की सोयर पाळायला वेगळ्या दाराची खोलीच नाही. म्हणून तिची खाट घोड्यांच्या तबेल्यालगत टाकली होती. हे कळले आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या राजेशाही घरात पोटच्या पोरीला जागा नसावी?

संध्याकाळपर्यंत बिलियर्डच्या खोलीला परसात उघडणारे दार झाले. आठवड्याच्या आत रावसाहेबांना नात झाली आणि विलायती शेकोटीत ओवा-शेपांची धुरी पेटली.

खात्यात चौकशी लागली. मंजूर नकाशा का मोडला, असे विचारताच नानासाहेब शांतपणे म्हणाले, "नकाशात बाई नाही, साहेब. घरात आहे." नोकरी वाचली, बढती कायमची गेली. पुढे आम्ही कुणीही नकाशा नेला की ते प्रथम विचारीत, "बाळंतीण कुठे निजणार?" माझे तर लग्नही झाले नव्हते, मी लाजून चूर होई.

तुमच्या साठीनिमित्त तुमच्यावर लिहू का, असे परवा नानासाहेबांना विचारायला गेलो. "लिहा, पण बढतीचे गाळा," ते म्हणाले. "दुर्गाला ते ठाऊक नाही. आपल्यापायी झालं म्हणून पोर झुरत बसेल."

इतकी वर्षे या गृहस्थांनी एवढ्यासाठी तोंड मिटून ठेवले होते. मी थक्क झालो, खरे सांगायचे तर रागावलोही, आणि तडक दुर्गाताईंकडे गेलो.

"बाबांनी मला तेव्हाच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला कळलंय हे समजलं तर नानाकाकांना वाईट वाटेल, म्हणून गप्प राहिले. आता छापा."

तेव्हा छापले आहे. आता दोघांनी एकमेकांशी मोकळेपणी बोलावे, आणि ते बोलणे पुष्कळ वर्षे चालावे, इतके उदंड, निरोगी आयुष्य नानासाहेबांना लाभो.