बॉल येण्याआधी

माझ्या मुलाने कॉलेजच्या फुटबॉल टीमसाठी इतके गोल मारले की जुईनगरच्या आमच्या सोसायटीत लोक मला त्याची आई म्हणूनच ओळखायचे. शेवटच्या वर्षी एका व्यावसायिक क्लबाने त्याला महिनाभराच्या ट्रायलला बोलावलं. जमलं तर करार, नाहीतर घरी. पण दुसऱ्याच आठवड्यात पोरगं जेवताना मान वर करेना. काय झालं विचारलं की म्हणे काही नाही. माझं डोकं सटकलं. तुर्भ्याच्या ऑफिसात सुट्टी टाकली आणि सरळ मैदान गाठलं.

बघते तर काय, हा सगळ्यांपेक्षा जोरात पळत होता आणि तरी सगळीकडे उशिरा पोहोचत होता. बॉल पायाशी आला रे आला की कुणीतरी काढून न्यायचं. आता हे कसं काय बुवा? पाय तेच, दम तोच. मग मी जाळीला नाक लावून बॉलकडे बघणं सोडलं आणि नुसती माणसं बघत बसले. तेव्हा कुठे दिसलं. बाकीची पोरं बॉल येण्याआधीच खांद्यावरून मागे बघून घ्यायची, आपण रस्ता ओलांडताना बघतो तशी. बॉल आला की लगेच कुणाला तरी देऊन मोकळी. आमचा राजा मात्र बॉलकडे टक लावून उभा. तो आला की मग विचार करणार.

घरी मी लगेच अक्कल पाजळली. वाटलं, चिडेल. पण तो शांतपणे म्हणाला की कोचही रोज हेच सांगतात, त्यालाही पटतं, पण ऐन वेळी मान वळतच नाही.

महिना संपला, क्लबाने नको म्हटलं. मी कोचवर भडकले, एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी घरी पाठवतं का म्हणून. मुलगा घरात बुटांची माती काढत बसला होता. माझा राग जरा उतरल्यावर मला खरंच कळेना, म्हणून विचारलं, "अरे, मग कॉलेजात इतकी वर्षं कसं चाललं?"

"तिथे बॉल घेऊन हवा तेवढा वेळ उभा राहायचो. चौघं अंगावर आले तरी निघायचो. मागे कशाला बघू?" त्याने बूट बाजूला ठेवला. "मला तिथे कुणी कधी हरवलंच नाही गं, आई."