सहावरचा लाल ठिपका

माझ्या नवऱ्याला निवृत्तीनंतर घड्याळांनी झपाटलं. हास्यक्लब, भजनी मंडळ, सकाळचं फिरणं असे बरे रोग सोडून याला नेमका हाच जडला. महागडी घड्याळं परवडत नाहीत म्हणून ही मंडळी स्वस्तातली जमवतात, आणि त्याचाही तोरा मिरवतात. महिन्यातून एका रविवारी ठाण्याला एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये यांची बैठक भरते. नवरा दोन्ही मनगटं आणि शर्टाचा खिसा भरून निघतो. एवढं असून घरात दिवसभर त्याचा एकच प्रश्न, "किती वाजले गं?" कारण त्याच्या एकाही घड्याळाला चावी दिलेली नसते. चावी दिली की घड्याळ झिजतं, असं त्याला ग्रुपवर कळलंय.

आमच्या डोंबिवलीच्या घरात चालणारं मनगटी घड्याळ एकच होतं, माझ्या आईचं. मूळचं ते बाबांचं. बाबा कल्याणजवळ मोहन्याला कारखान्यात होते आणि आम्ही तिथल्याच चाळीत वाढलो. कामावर मनगटात काही घालायची सोय नव्हती, म्हणून घड्याळ घरी खिळ्याला टांगलेलं असायचं. लग्नकार्याला तेवढं ते बाबांच्या हातावर चढायचं. आई शाळेत गेलेली नाही, तिला आकडे वाचता येत नाहीत. म्हणून बाबांनी कल्याणच्या एका घड्याळजीकडून तबकडीवरचं सगळं खरवडून घेतलं, कंपनीच्या नावासकट. उरली पांढरीफेक तबकडी आणि सहाच्या जागी एक लाल ठिपका. काटे दुसऱ्याच कुठल्या तरी घड्याळाचे, जाड आणि काळे. छोटा काटा ठिपक्याला टेकला की बाबा यायची वेळ. आई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची आणि चहाचं आधण ठेवायची. बाकीचा दिवस ती त्या ठिपक्याच्या अलीकडे-पलीकडे मापायची, आणि ती कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे आली. पुढे काचबिंदूने तिची नजर पार अधू झाली. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसत नाही, मोबाइलचं तर नाहीच. पण हे घड्याळ डोळ्यांशी नेलं की पांढऱ्यावरचं काळं आणि लाल तिला दिसायचं. रोज सकाळी ती त्याला चावी द्यायची आणि रोज संध्याकाळी स्वतः बघून स्वतःच्या हाताने मेणबत्ती लावायची. कुणाला न विचारता करावी अशी तेवढी एकच गोष्ट तिच्याकडे उरली होती.

आणि माझ्या दिवट्या नवऱ्याने "साफ करून आणतो" म्हणून ते घड्याळ नेलं.

परत आणलं तेव्हा त्याचा चेहरा बारशाचे पेढे वाटल्यासारखा होता. "बघा आई, कंपनीतून निघालं तसं. ओरिजिनल." चंदेरी तबकडी, मुंगीएवढे आकडे, सोनेरी सुईसारखे काटे. ग्रुपमधल्या एका जाणकाराने आपल्या संग्रहातली अस्सल तबकडी आणि काटे त्याला बसवून दिले होते, तेही फुकट. आईने घड्याळ डोळ्यांशी नेलं. मग चाचपडत खिडकीशी गेली, उजेडात धरलं, तिरकं करून पाहिलं.

"जावई, हे कुणाचं?"

"तुमचंच आहे हो."

"असंल," ती म्हणाली आणि उशीखाली ठेवून दिलं.

तेव्हापासून घरात "किती वाजले गं?" विचारणारे दोघे झाले. नवऱ्याने विचारलं की माझं डोकं सणकायचं. आई विचारायची तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटायचं, कारण ती उसनी साखर मागावी तशी वेळ मागायची. एकदा तिने भरदुपारी मेणबत्ती लावली. "आई, अजून जेवणं व्हायचीत," मी म्हटलं. तिने फुंकर मारून विझवली आणि म्हणाली, "आता तूच लावत जा." त्यानंतर तिने काडेपेटीला हात लावला नाही.

पुढच्या बैठकीच्या रविवारी आईच्या उशीखालचं घड्याळ पर्समध्ये टाकून मी नवऱ्याबरोबर ठाण्याला गेले. मला जुनी तबकडी हवी होती.

बैठक म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी बघायलाच हवं. हिरवं कापड घातलेली टेबलं, त्यांवर ओळीने मांडलेली घड्याळं, आणि भोवती वाकलेली चांगली शिकलीसवरलेली माणसं. आल्या आल्या प्रत्येकाने मनगट मोकळं करायचं, हा नियम. सगळे काटे फिरवून दहा वाजून दहा मिनिटांवर आणायचे, फोटोत तसं शोभतं म्हणे. त्यामुळे हॉलभर घड्याळंच घड्याळं आणि कायम दहा वाजून दहा. वडे कधी येणार हे बघायला मात्र प्रत्येकाने खिशातून मोबाइल काढला. घड्याळावरच्या डागाला तिथे डाग म्हणायचं नाही, पॅटिना म्हणायचं. आमच्या तव्यावरही भरपूर पॅटिना आहे, या म्हणावं घासायला.

जाणकार गृहस्थ मध्यभागी बसले होते, चष्म्यावर भिंग अडकवून. त्यांच्या चिमट्यात बाबांची तबकडी होती.

"हा बघा खून," ते सगळ्यांना दाखवत होते. "नाव खरवडलंय, आकडे खरवडलेत, वर लाल ठिपका. खाली काही ओरिजिनल शिल्लक आहे का म्हणून मी थिनर लावून पाहिलं. ठिपका गेला, खाली काही नाही."

मंडळी हळहळली. एक तरणा गडी हसत म्हणाला, "भाई, हे केलं कोणी?"

"माझ्या बाबांनी," मी म्हटलं.

मग मी सगळं सांगितलं आणि तबकडी, काटे परत बसवून मागितले. नवरा कुजबुजला, "अगं, त्यांनी स्वतःच्या कलेक्शनमधलं दिलंय." ते खरं होतं. गृहस्थांनी मनापासून दिलं होतं, त्यांचा चेहरा उतरला होता, आणि त्यानेच माझं पित्त आणखी खवळलं. दान द्यायची एवढी हौस असेल तर घेणाऱ्याला दिसतं का, हे तरी आधी विचारावं.

"पण वहिनी," शेजारचे एक काका कळवळून म्हणाले, "मग ते घड्याळ बोगस होईल हो."

"माझ्या आईला बोगसच दिसतं. ओरिजिनल दिसत नाही."

गृहस्थांनी पेटी उघडली.

"आधी ठिपका," मी म्हटलं.

"मी तबकडीला कधी रंग लावत नाही."

"पुसायला बरं जमलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काट्यांची टोकं रंगवायचा लाल रंग पेटीत होता, त्यात सुई बुडवली आणि हळूच विचारलं, "कुठे?"

"सहाच्या जागी. जरा मोठा काढा."

रंग वाळेपर्यंत मी खुर्चीवरून हलले नाही. मग त्यांनी तबकडी बसवली, जाड काटे बसवले, मोबाइलात बघून वेळ लावली. चावी मी दिली. त्या अख्ख्या हॉलमध्ये चालणारं घड्याळ तेवढं एकच होतं. माझा नवरा ते बघत उभा होता आणि त्याच्या डोक्यात काही शिरलंय असं काही मला वाटलं नाही.

घरी येऊन घड्याळ आईच्या हातात दिलं. तिने ते डोळ्यांशी नेलं. बराच वेळ तसंच धरलं. "ठिपका मोठा झालाय," म्हणाली. मी कारण सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

संध्याकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरात बसून राहिले. मेणबत्ती लावायला उठले नाही. बाहेर नवरा सोफ्यावर आपली घड्याळं फडक्याने पुसत होता. थोड्या वेळाने सवयीप्रमाणे त्याची हाक आली, "किती वाजले गं?"

मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

"काटा ठिपक्याला आलाय, जावई. मेणबत्ती लावली मी."