आईचा एसी आणि आण्णांची गॅरंटी

आमच्या एसीवाल्या आण्णांना एसी विकणं फार जिवावर यायचं. सांगलीत विश्रामबागेत त्यांचं दुकान होतं, पण गिऱ्हाईक आत आलं की ते आधी त्याला घरी पाठवायचे. "चार वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, मग या," म्हणायचे. बरेच जण परत यायचेच नाहीत. शेजारच्या दुकानातून मोठा एसी घेऊन मोकळे व्हायचे. आण्णांना वाईट वाटायचं, ते त्या गिऱ्हाइकांच्या लाइट बिलाचं.

मी विट्याचा. नववीतून शाळा सोडली आणि सोनं गाळायच्या कामाला तमिळनाडूत आलो. दिवस भट्टीसमोर जातो. जरा बरं चालल्यावर गावाकडं बंगला बांधला, आमच्यातले सगळे बांधतात तसाच, पुढं अख्खी काच. ती पश्चिमेला आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तिथं आई एकटी राहते. एका एप्रिलात ती भर दुपारी चक्कर येऊन पडली. पुन्हा असं झालं तर अवघड आहे, असं डॉक्टर म्हणाले. बंगल्याचे पंखे आण्णांकडूनच घेतले होते. घाबरून त्यांनाच फोन लावला, सगळ्यात मोठा एसी आजच पाठवा.

"मोठा एसी हॉल गार करंल रं. आई कुठं झोपती?"

मला सांगता आलं नाही.

मग आण्णा स्वतः एसटीनं विट्याला गेले. आई स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीत झोपते, हे बघून आले. काचेबाहेर शेतातली हिरवी जाळी बांधायला लावली, स्लॅबला चुना मारून घेतला, आणि त्या खोलीत छोटा, पाच स्टारचा एसी बसवला. एवढ्या बंगल्याला जाळी बघून भावकी पोट धरून हसली.

पण आई एसी लावेना. एकटीसाठी कशाला मशीन, म्हणायची. आण्णा तिला समजावत बसले नाहीत.

"आक्का, हे रोज दुपारी चालवलं न्हाई तर बिघडतं. पोराची गॅरंटी जाती बघा."

जन्मभर लोकांना मशीन बंद करायला सांगणारा माणूस धडधडीत खोटं बोलला. स्वतःसाठी बटण न दाबणारी आई पोराच्या वस्तूसाठी रोज दाबायला लागली. तो उन्हाळा निभावला. पुढचाही.

यंदा दिवाळीनंतर आण्णा गेले. मला जाता आलं नाही. आता थंडीत आई कान बांधून, गोधडी पांघरून दुपारी एसी लावून बसते. आण्णांनी सांगितलंय, खंड पडू द्यायचा न्हाई, म्हणते. हे बिल आण्णांनी बघितलं असतं तर आठवडाभर जेवले नसते.

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी फोन लावतो. ती 'हॅलो' म्हणते, आणि मला पुढचा एप्रिल दिसायला लागतो. मग विचारतो, "आई, आज एसी लावलास का?"